गाद्यांच्या कोटातून अपूर्णांकांवर केलेली मोहीम

थोरांच्या चरणी मस्तक आणि धाकट्यांच्या पाठीवर हात ठेवून लेखक लिहिता जाहला ते ऐसे की, या गोदातीरीच्या मुलखात मोहिमा उदंड झाल्या, तोफा वाजल्या, कोट पडले, त्यांची दफ्तरे ज्यांनी लिहावयाची त्यांनी लिहिली. परंतु परगणे लोहे, मौजे सावरढव येथील शाळेत इयत्ता सहावीच्या एकतीस मुलांकरिता जो संग्राम जाहला, त्याची दोन ओळींची नोंद कोठे नाही. आहे ती एक फाईल, आणि ती कपाटाच्या वरल्या फळीवर, तांदळाच्या रिकाम्या पोत्यांखाली. हे आम्हांस सोसवेना. म्हणोन जे घडले ते काडीमात्र न वाढविता, आणि वाढविले असल्यास मोहिमेच्या इतमामास शोभेल इतुकेच वाढवून, लिहीत आहो. वाचणाराने पाणी पिऊन बसावे.

तर शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सरी, दसरा उलटून चार रोज जाहले तो लातुराहून फर्मान आले. मजकूर ऐसा की, निवडक शाळांतून एकेका शिक्षकाने ब्लेंडेड लर्निंगचा, म्हणजे मिश्र अध्ययनाचा, प्रकल्प सिद्ध करावा. धड्याचा अर्धा भाग मुलांनी घरी मोबाईलवर पाहावा आणि उरला अर्धा शाळेत समोरासमोर सोडवावा. व्हिडिओ पाच करावे. आणि मार्गशीर्षात समिती खासा येऊन पाहणी करील. हे फर्मान राजमान्य गुरुपादप्पा हेडमास्तर यांच्या हाती पडले. हे मूळचे उदगीराकडील, कानडी मुलखाच्या कडेचे. काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून जाहले म्हणजे "आयतु", अर्थात "झालं", ऐसे म्हणण्याचा त्यांचा परिपाठ. त्यांनी चष्मा पुसला, आणि मग चारही शिक्षकांवरून नजर फिरविली, आणि मग ती खडूचूडेमंडित बिलकीसमॅडम, वस्ती नांदेड, विषय गणित, चाकरी वर्षे चौदा, यांजवर स्थिर केली आणि "आयतु" म्हणाले.

मॅडम "नाही" म्हणू शकल्या असत्या. परंतु त्यांच्या मनात एक जुने शल्य होते आणि ते येथे सांगितल्याविना पुढची लढाई समजावयाची नाही. चौदा वर्षे त्या गणित शिकवीत होत्या, मुले माना डोलवीत होती, परंतु फळ्याकडे या म्हटले की एकतीसच्या एकतीस जण आपापल्या बुटांकडे पाहात. फळ्यावर चुकावे लागते, आणि चुकल्यावर सारा वर्ग हसतो, हे त्यांस पहिलीपासून ठाऊक. त्यांतली लुंबिनी नावाची मुलगी तर हुशारीत अव्वल, तिचे उत्तर वहीत बरोबर असावयाचे. परंतु मॅडम जवळ आल्या की ती ते खोडरबराने पुसून टाकी, न जाणो चुकले असेल. हे पाहून मॅडमांस वाटे की दोष मुलांचा नाही, आपलाच. आपणांस शिकविता येतच नाही, चौदा वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही इतुकेच. या प्रकल्पाने त्याचा एकदाचा निकाल लागेल, ऐसा विचार करून त्यांनी विडा उचलला.

मग गावची मजलिस भरली. शाळा समितीचे अध्यक्ष राजश्री शेषेराव, कापूस व तूर यांचे धनी, निळ्या ट्रॅक्टराचे सरदार, ज्याच्या मडगार्डांवर दोन भोंगे आणि आसनाखाली डेक, ते पुढे बसले होते. हेडमास्तरांनी मिश्र अध्ययनाचा अर्थ अर्धा तास फोड करून सांगितला आणि शेवटी कोणास शंका आहे काय ऐसे पुसले, तेव्हा शेषेराव उठले आणि बोलले:

"समदं समजलं सर. पण मॅडम शाळेत येणार हायत का न्हाई, तेवढं सांगा."

येणार, ऐसा खुलासा होताच मजलिस समाधान पावली आणि शेवचिवडा खाऊन बरखास्त जाहली. मॅडमांनी त्याच दिवशी पालकांचा व्हॉट्सॲप गट स्थापन केला. परंतु दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वीच त्या गटावर गुलाबांची फौज चालून आली; मागोमाग वाफाळते चहाचे कप, दवबिंदू, सुप्रभात, आणि एक म्हैस विकणे आहे, ऐसे आठ दिवस चालले आणि धड्याची सूचना त्याखाली गाडली गेली. तेव्हा मॅडमांनी चिडून गटास कुलूप घातले, म्हणजे येथून पुढे एकट्या मॅडमांनी लिहावे, इतरांनी वाचावे. गुलाब थांबले. आम्ही मॅडमांच्या जागी असतो तर हेच केले असते, आणि मग मॅडम जे विसरल्या तेही बहुधा विसरलोच असतो.

आता मोहिमेचे ठाणे. मॅडमांचे घर नांदेडास जुन्या वस्तीत. तेथे व्हिडिओ करू गेले तो पहिल्याच दिवशी भंगारवाला आला, मग शेजारचा कुकर बोलला, आणि मग कोणी कोणास जिन्यावरून हाक मारून कोथिंबीर मागितली, आणि हे सारे समच्छेद अपूर्णांकांच्या मध्यभागी. मॅडमांचे खाविंद वकारमियाँ हे पिढीजात गादीवाले. त्यांचा गाद्या-रजयांचा कारखाना घराच्या मागल्या अंगास. त्यांनी तोड काढली. रविवारी दुपारी पिंजणयंत्र बंद असते, कारागीर आपल्या घरी असतात. तेव्हा गोदामात गाद्या उभ्या करून चारी बाजूंनी तट रचावा आणि मध्ये बिलकीसबेगमांनी फळा घेऊन बसावे, ऐसी मसलत ठरली. सव्वीस गाद्यांचा कोट उभा राहिला. आत ऐसी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. बाहेर रणगाडा गेला असता तरी कळते ना.

परंतु हाय! शत्रू बाहेर नव्हताच. तो आत आधीच येऊन बसला होता. त्याचे नाव किंतुराव परंतु. हा सरदार मोठा चिवट. मॅडमांनी मोबाईलचे लाल बटण दाबले की हा कानाशी लागे. म्हणे, आवाज किती चिरका आहे. म्हणे, हनुवटी पाहा. म्हणे, पुण्याच्या त्या वाहिनीवरील बाई कैसे घडीव बोलतात, आणि तू "पाहा" म्हणू की "बघा" म्हणू यातच अडली आहेस. मग मॅडम थांबत, आणि मग पुसून टाकीत, आणि मग पहिल्यापासून आरंभीत. पहिला व्हिडिओ त्रेचाळीस हल्ल्यांनंतर सर जाहला. त्रेचाळिसाव्या वेळी वकारमियाँ गाद्यांच्या फटीतून डोकावले आणि आपल्या दख्खनी बोलीत बोलते जाहले:

"अजी, अब बस करो ना! मेरे गाद्यां कू बी अपूर्णांक पाठ हो गए."

येणेप्रमाणे चार रविवारांत चार व्हिडिओ तयार जाहले. ते निर्दोष होते. त्यांत मॅडम इतक्या शुद्ध बोलत की त्यांच्या सख्ख्या बहिणीने फोन करून ही बाई कोण ऐसे पुसले. मॅडमांनी ते प्रकल्पाकरिता इंटरनेटावर काढलेल्या चॅनेलवर चढविले आणि दुवे गटावर धाडले. दुसऱ्या दिवशी वर्गात व्हिडिओ पाहिला काय ऐसे पुसावे तो मुले "होऽऽ" म्हणत; परंतु ही मुले दात घासले काय यासही "होऽऽ" म्हणत, सबब तो पुरावा धरावयाचा कैसा? वहीत उदाहरणे बरोबर येत, परंतु लुंबिनीची वही एकतीस हातांतून फिरते हे मॅडमांस पक्के माहीत. फळ्याकडे मात्र कोणी येईना. किंतुराव हसत होता.

पाचव्या व्हिडिओचा दिवस उजाडला. तो प्रकल्पाचा शेवटून दुसरा दिवस. सोमवारी संध्याकाळी मुदत सरत होती. विषय भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज, म्हणजे साऱ्या सहावीतील अत्यंत बेइमान जागा. मॅडमांनी फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश लिहिले, आणि अठ्ठाविसाव्या प्रयत्नी थकवा येऊन हात आपल्याच मुखत्यारीने चालला, आणि वरचे वर मिळविले, खालचे खाली मिळविले, आणि दोन पंचमांश ऐसे लिहून मोकळा जाहला. ही ती चूक, जी चौदा वर्षे मॅडम पोरांच्या वह्यांतून तांबड्या शाईने हाकलीत आल्या होत्या! त्याच समयी कापसाचा एक तंतू नाकात शिरला आणि मॅडमांस सणसणीत शिंक आली. त्यांनी नाक पुसले, फळ्याकडे पाहिले, आणि किंतुरावास तोंड उघडण्याची संधी मिळण्याआधी त्यांच्या तोंडून आपल्या घरच्या बोलीत निघून गेले:

"थांबा. चुकलं माझं. परत."

आणि मग त्यांनी मागची एक रजई ओढून कॅमेऱ्यापुढे धरली. तीवर टाक्यांचे सहा चौकोन होते. म्हणाल्या, ही बघा, अर्धी तुम्हाला दिली, तीन चौकोन; वर तिसरा हिस्सा दिला, आणखी दोन. मग दिल्यानंतर तुमच्याकडं अर्ध्यापेक्षा कमी कशी राहील? दोन पंचमांश तर अर्ध्याहून कमी. म्हणजे मी तुम्हाला फसवत होते. किती झाली मोजा बरं. सहातले पाच. हे सारे त्या दीड मिनिटात बोलून गेल्या, आणि पाचही व्हिडिओंत या दीड मिनिटाइतके सुरेख काही नव्हते. परंतु मॅडमांस त्यातले फक्त दोन पंचमांश दिसले.

हे पुसावे आणि एकोणतिसाव्यांदा आरंभावे ऐसा त्यांचा निश्चय होता. तोच दाराशी टेम्पो थांबला. उमरीच्या लग्नघरची माणसे एक दिवस आधीच आली होती; नवरीसोबत द्यावयाच्या व वऱ्हाडाने निजावयाच्या मिळून सव्वीस गाद्या त्यांस तत्काळ हव्या होत्या. वकारमियाँ ओशाळले, परंतु जबान दिलेली. एकेक गादी उचलली गेली आणि मॅडमांचा कोट त्यांच्या देखत टेम्पोत चढून उमरीच्या दिशेने कूच करता जाहला. मोकळ्या गोदामात आवाज घुमू लागला, आणि भंगारवालाही आला. मग मॅडमांनी चूक तेवढी कापून पाहिली तो आधी शिंक आणि एकदम रजई, मधला मजकूर गायब, पाहणाराने काय समजावे? सोमवारी संध्याकाळपर्यंत काही सुचेना. शेवटी डोळे मिटून त्यांनी तो व्हिडिओ शिंकेसह, चुकीसह चॅनेलवर चढविला, दुवा गटावर टाकला, आणि मोबाईल उशीखाली घालून भाजी निवडावयास बसल्या.

त्यानंतर त्यांस मतदारयादीच्या कामावर जावे लागले आणि दहा-अकरा दिवस शाळेचे तोंड दिसले नाही. समिती शुक्रवारी येणार. गुरुवारी संध्याकाळी चहाच्या वेळेस त्यांनी धीर करून चॅनेल उघडले. किती जणांनी पाहिले याचा आकडा प्रत्येक व्हिडिओखाली लिहिलेला असतो. पहिल्याखाली एक. दुसऱ्याखाली एक. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्याखाली एक. गट उघडला तो तेथेही दीड महिन्यात कोणाचे अक्षर नाही, कोणाचा अंगठा नाही.

"तो एक तुम्हीच ना?" ऐसे त्यांनी वकारमियाँस पुसले. वकारमियाँनी कसम खाऊन नाही म्हटले. बेगमांस वाटले, आपले मन राखण्यासाठी खोटे बोलतात. वास्तविक वकारमियाँस पाचही व्हिडिओ प्रत्यक्ष ऐकून ऐसा कंटाळा आला होता की ते मोबाईलवर पुन्हा पाहण्याचा संभवच नव्हता, परंतु हे बायकोस सांगण्याची ती वेळ नव्हती. त्यांनी चहात आणखी साखर घातली आणि जवळ बसले. बिलकीसमॅडम रडल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला की, माझा प्रकल्प मी विनंतीपूर्वक मागे घेते. तसेच सहावीचे गणित यापुढे दुसऱ्या कोणास द्यावे, मला कार्यालयीन कामकाज दिले तरी चालेल. खाली सही केली. चौदा वर्षे एका ओळीत संपली.

शुक्रवारी, मार्गशीर्ष वद्य अष्टमीस, मॅडम स्कूटीवर स्वार होऊन, अर्ज पर्समध्ये घालून, लोह्याच्या वाटेस लागल्या. शाळेत पोहोचतात तो अंगणात रांगोळी आणि समितीची पांढरी गाडी. लातूरकर मल्लिनाथसाहेब अहमदपुरावरून पहाटेच निघून घटकाभर आधीच दाखल जाहले होते. हे मोठे करडे, मोजके आणि आकड्यांवर भरवसा ठेवणारे. शेषेराव हार घेऊन उभे होते. मॅडमांनी हेडमास्तरांस एका अंगास घेऊन अर्ज दाखविला. गुरुपादप्पांनी तो वाचला, परत त्यांच्या हाती ठेवला, आणि चाकरीत प्रथमच त्यांच्या तोंडून "आयतु" निघाले नाही. ते फक्त म्हणाले, "आधी वर्गात चला, मॅडम."

वर्ग भरला. मल्लिनाथसाहेबांनी फाईल चाळली, फाईल उत्तम. मग त्यांनी आपला लॅपटॉप उघडून चॅनेल पाहिले आणि भुवया वर नेल्या.

"दर्शनसंख्या एक? पाचही व्हिडिओंना एक?"

मॅडम होय म्हणाल्या. साहेबांनी शेरेबुक पुढे ओढले आणि ठसठशीत अक्षरांत लिहिले की, प्रकल्प कागदोपत्री चांगला, परंतु विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेला दिसत नाही. मॅडमांस ते उलटे वाचता आले. त्यांच्या मनात आले, खरे आहे, पोहोचलेच नाही, चौदा वर्षे पोहोचले नाही. आणि त्यांनी अर्ज बाहेर काढला. इतुक्यात साहेब रीत म्हणोन उठले आणि फळ्यावर तीन चतुर्थांश अधिक एक षष्ठांश ऐसे लिहून, कोणी येईल काय, ऐसा सवाल टाकला. येणार कोण? मॅडमांनी नजर खाली घातली. त्यांस ते एकतीस जोड बूट पाहावयाचे नव्हते.

तो खिडकीशेजारच्या बाकावर खडखड वाजले आणि लुंबिनी उठली.

हेडमास्तरांचा चष्मा नाकावरून घसरला. लुंबिनी चालत चालत फळ्यापाशी गेली, खडू घेतला, वरचे वर मिळविले, खालचे खाली मिळविले, आणि चार दशांश ऐसे लिहिले. मल्लिनाथसाहेबांनी उसासा टाकला. मॅडमांनी अर्ज पुढे केला. परंतु लुंबिनी हलली नाही. ती एक पाऊल मागे सरली, लिहिलेल्याकडे मान तिरकी करून पाहिले, आणि मग वर्गाकडे वळून, मुद्दाम, ठरवून, मोठ्याने शिंकली. आणि नाक पुसून, हुबेहूब बिलकीसमॅडमांच्या आवाजात बोलली:

"थांबा. चुकलं माझं. परत."

कोणी हसले नाही. उलट साऱ्या वर्गाने माना ऐशा हलविल्या की हे तर व्हायचेच होते. लुंबिनीने हाताने चार दशांश पुसले. म्हणाली, तीन चतुर्थांशात आणखी घातलं तर कमी कसं व्हईल? चार दशांश तर अर्ध्याहून बी कमी हाय. म्हंजे मी फसवून राहिले. मग छेद बारा केला. नऊ बारांश, दोन बारांश, अकरा बारांश. साहेबांनी पुसले, बाराच का? ती म्हणाली, कागद द्या, दावते. कोणापाशी कोरा कागद सापडेना. मॅडमांच्या हातात एक होता. त्याची मागची बाजू कोरी होती. त्यांच्या हाताने तो कधी पुढे केला हे त्यांचे त्यांस कळले नाही. लुंबिनीने घड्या घालून त्याचे बारा चौकोन पाडले, अकरा पेन्सिलीने गिरविले, एक सोडला, आणि साहेबांपुढे धरला.

"हे शिंकणं कुठे शिकलीस?" साहेबांनी विचारले.

"मॅडमच्या व्हिडिओत हाय," ती म्हणाली. "पाचव्या. आधी शिंकायचं असतंय."

"पण व्हिडिओ तर एकानंच पाहिलाय."

तेव्हा दाराशी उभे असलेले शेषेराव हारासह आत आले आणि त्यांनी सारी हकीकत निवेदन केली. "सायेब, आमच्या गावात गुलाब धाडण्यापुरता टावर समदीकडं हाय, पण व्हिडिओजोगता फकस्त पाण्याच्या टाकीवर घावतो. म्हणून मी टाकीवर चढून मॅडमचा व्हिडिओ एकदाच उतरवून घेतो. अन खाली आलो की बिनानेटचं ह्याच्या फोनातून त्याच्या फोनात, समद्या गावात. ट्रॅक्टरच्या डेकला बी लावतो. लई दणक्यात ऐकू येतंय. रानात बाया कापूस येचता येचता छेद समान करून राहिल्या."

"चारी तर झ्याक व्हतेच," ते पुढे म्हणाले, "पण पाचवा! आमचा ह्यो पोरगा चुकला की आता रडत न्हाई, शिंकतो. परवा मी तुरीचा हिशेब चुकलो तर मला म्हणला, बाबा, शिंका अन परत करा."

बिलकीसमॅडमांनी विचारले, "मग कोणी गटावर एक शब्द का नाही लिहिला?"

"गटाला कुलूप तुमीच लावलं की मॅडम," शेषेराव म्हणाले. "आमी बोलावं कुठून? बाया लई म्हणतेत, मॅडमला कळवा, कळवा. मी म्हणलो, हुकूम न्हाई."

हे ऐकून मॅडम आधी हसल्या आणि मग समितीदेखत रडल्या, आणि त्यांनी ते लपविले नाही. किंतुराव परंतु याने कानाशी लागून काही बोलावयाचा यत्न केला, परंतु वर्गात ऐसा कल्लोळ जाहला होता की त्याचे कोणी ऐकिले नाही.

मल्लिनाथसाहेब दरम्यान तो अकरा चौकोनांचा कागद फाईलीस लावीत होते. लावताना सहज उलटला. मागील मजकूर त्यांनी वाचला. सहीसुद्धा वाचली. वर मॅडमांकडे पाहिले, आणि मग कागद पुन्हा पालथा केला, गिरविलेले चौकोन वर राहतील ऐसा ठेवला, आणि चारी कोपऱ्यांस टाचण्या मारल्या, जेणेकरून तो पुन्हा कोणी उलटू नये. हे त्या करड्या गृहस्थाने केलेले काम आम्ही या साऱ्या मोहिमेत मोठे मानतो.

मग त्यांनी शेरेबुक उघडले आणि आपल्याच ओळीवर आडवी रेघ मारली. एकतीस मुले त्यांच्याकडे टक लावून पाहात राहिली. साहेबांस उमजेना. शेवटी पुढच्या बाकावरील शेषेरावांचा पोरगा हळूच बोलला, "म्हणा की सायेब. अन आदी शिंका."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिले. हेडमास्तरांनी छताकडे पाहिले. मग मल्लिनाथसाहेब, वर्ग एकचे अधिकारी, नोकरी वर्षे एकोणतीस, यांनी हुद्द्यास शोभेल ऐसी एक बारीकशी शिंक दिली आणि म्हणाले, "थांबा. चुकलं माझं. परत." आणि खाली नव्याने लिहिले की, प्रकल्प विद्यार्थ्यांपर्यंत, आणि त्यांच्यापुढेही, पोहोचला आहे, हा नमुना साऱ्या तालुक्यात चालवावा. गुरुपादप्पांनी त्यावर शिक्का मारला आणि ऐसा "आयतु" म्हणाले की खिडकीवरची चिमणी उडाली.

त्याच दुपारी गटाचे कुलूप निघाले. निघताच प्रथम अठ्ठेचाळीस गुलाब आले, आणि मग पुन्हा तीच म्हैस विकणे आहे, आणि त्याखाली एका बाईचा आवाजी निरोप, की मॅडम, सहावा कवा टाकता? पुढल्या रविवारी वकारमियाँनी नव्या गाद्या भरण्याआधीच मॅडम गोदामात बसल्या, कोट नसता, भंगारवाल्याच्या आरोळीसह, आणि एकाच वारात व्हिडिओ सर केला. त्यात त्या दोनदा चुकल्या आणि काही कापले नाही.

येणेप्रमाणे मौजे सावरढव येथील मोहीम फत्ते जाहली. किंतुराव परंतु याने तह केला, की मी येईन परंतु दारात बसेन, आत येणार नाही. अर्ज फाईलीत पालथा टाचला आहे आणि सहावीचे गणित बिलकीसमॅडमांकडेच कायम आहे. शिकणारी मुले एकतीस, ऐसे आम्ही आरंभी लिहिले.

थांबा. चुकलं आमचं. परत. मुले एकतीस, मॅडम एक. एकूण शिकणारे बत्तीस.